जुवाखालचा भोवरा

चाकणच्या शनिवारच्या बाजारात बैल घ्यायला निघालेला चिखलीचा माणूस आधी कोंडाजीच्या दारात यायचा आणि मग बाजाराची वाट धरायचा. कोंडाजीला बरोबर नेल्याशिवाय बैलाला हात लावायचा नाही, असा गावात रिवाजच पडून गेला होता. तो दात बघायचा, खूर बघायचा, बैल चालवून बघायचा. पण तेवढं कुणालाही जमतं. कोंडाजीचं नाव होतं ते भोवऱ्यांसाठी. बैलाच्या अंगावर केस कुठे गोल फिरलेत आणि कुठल्या अंगाने फिरलेत, एवढ्यावरून तो बैल घराला धार्जिणा की घराचं वाटोळं करणारा, हे तो छातीठोक सांगे. डोळ्याखाली भोवरा असेल तर धनी रडणार. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मानेवर, जिथं जू बसतं तिथं, उलटा फिरलेला भोवरा. तसला बैल जोडी खातो. स्वतः धडधाकट राहतो आणि शेजारी जुंपलेला मरतो.

हे सगळं तो हवेत बोलत नसे. त्याच्याकडे दाखले होते. सांगितलेलं न ऐकता भोवऱ्याचा बैल घेतला आणि वर्षाच्या आत दुसरा बैल गमावून बसला, असे लोक स्वतःच्या पायांनी त्याच्या ओट्यावर येत आणि म्हणत, कोंडाजी, तुमी म्हनला तसंच झालं बघा. तीस वर्षं असे लोक येत राहिल्यावर कुठल्या माणसाला स्वतःबद्दल शंका येईल? कोंडाजीला तर मुळीच आली नाही. शंका हा प्रकार त्याने दुसऱ्यांसाठी राखून ठेवला होता, आणि तो साठा भरपूर होता.

त्याची स्वतःची जोडी तर कित्येक बाजार पालथे घालून निवडलेली. अंगभर कुठेही खोट नाही. लोकांना तो मुद्दाम बैलांचे केस उलटे करून दाखवायचा.

छप्पन साली वैशाखात त्याने सोपानचं लग्न केलं. सोपान हा त्याचा एकुलता एक मुलगा. पिंपरीला नव्याने उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यात कामाला होता, सायकलवर शिफ्टला जायचा. सून थेरगावच्या रंगरावांची, नाव इंद्रायणी. पोरगी कामाला चपळ, बोलायला बेताची. सासू शालनबाईला ती पहिल्याच आठवड्यात आवडली. कोंडाजीनेही तिच्यात काही खोट काढली नाही, कारण तोवर काढायचं काही कारण पडलं नव्हतं.

कारण पडलं आषाढात. जोडीतला धाकटा बैल पहाटे दावं तोडून पाटाकडेच्या ओल्या लसूणघासात घुसला, पोटभर चरला, आणि दुपार व्हायच्या आत पोट फुगून गोठ्यात आडवा झाला. कोंडाजीने त्याच्या मानेखाली मांडी दिली, तोंडात तेल ओतलं, पोट चोळलं. काही उपयोग झाला नाही. बैल गेला.

आता बघा, ओला लसूणघास खाऊन बैल फुगतो हे चिखलीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण कोंडाजीला ते पुरेना. बिनखोटीचा बैल मरतोच कसा? बैलात खोट नव्हती, कारण ती त्याने स्वतः तपासली होती. आपल्या हातून चूक झाली असेल हे तर त्याच्या मनाला शिवलंही नाही. मग खोट दुसरीकडे असणार. घरात नवीन काय आलं? त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

आदल्या संध्याकाळी बैल कुणी बांधला, हे त्याने शालनबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं. इंद्रायणीने बांधला होता. दावं जुनं होतं आणि ते बदलायचं कोंडाजीच दोन हाटांपासून लांबणीवर टाकत होता, पण ते त्याने मनातल्या मनातही म्हटलं नाही. तो सुनेवर नजर ठेवायला लागला. ती म्हशीला आंबोण ठेवायला गेली की हा गोठ्याच्या कुडाआड. ती विहिरीवरून येताना शेजारणीशी बोलली की ह्याचे कान टवकारलेले. ती हसली तरी त्याला वाटे, ही कशाला हसली? आणि गप्प बसली तर, ही गप्प का?

एरवी तो घरात शिरताना खाकरायचा, म्हणजे सुनेला पदर सावरायला वेळ मिळे. एके दिवशी त्याने खाकरायचं टाळलं. परसात इंद्रायणी न्हाऊन, ओले केस पुढे सोडून उन्हात बसली होती. तिची मान उघडी होती. आणि मानेवर, अगदी जिथं जू बसेल तिथं, बारीक केस उलटे फिरून गोल झालेले होते.

कोंडाजी आल्या पावली मागे फिरला आणि ओट्यावर येऊन बसला. बैलाचं दुःख तो विसरला. जोडी खाणारा भोवरा. सुनेची जोडी म्हणजे कोण? सोपान.

इथे कोंडाजीला हसायचं नाही. आधी दोन मुलं पाळण्यातच गेल्यावर झालेला हा मुलगा. त्याला साधा ताप आला तरी हा माणूस रात्रभर उशाशी बसलेला. त्याला जे वाटलं ते भय खरं होतं, आणि भय खरं असलं की माणूस त्याचं कारणही खरंच धरून चालतो.

चार दिवसांनी सोपान कोपर सोलवटून घरी आला. पुण्याच्या मोठ्या रस्त्यावर मागून ट्रक अंगावर आला, सायकल कडेच्या चरात गेली. सोपान हसून सांगत होता, कारण त्या रस्त्यावर सायकलवाला चरात जाणं रोजचंच होतं. लग्नाआधीही तो दोनदा पडला होता, एकदा तर गुडघ्याला टाके पडले होते. ते कोंडाजीला आठवलं नाही. इंद्रायणी हळदीचा लेप घेऊन आली तेव्हा तिच्या हाताकडे तो असा बघत राहिला की तिने वाटी खाली ठेवली आणि सासूला लेप लावायला सांगितलं.

त्या दिवशी त्याने शालनबाईला सगळं सांगितलं. शालनबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मी ह्या घरात आले त्या साली मानमोडीची साथ आली," ती म्हणाली. "तुमची आई गेली, थोरलं भाऊजी गेलं, त्यांची दोन पोरं गेली. माझी मान कुनी बघितली व्हती का?"

"तवा समद्या गावात मानसं मेली. घरटी एक तरी. तुझा काय संबंध?"

"मग औंदा गावात दुसऱ्या कुनाचा बैल मेला न्हाई का? कुनी सायकलवरनं पडलं न्हाई का?"

पण उत्तर सापडलं नाही म्हणून शंका गेली, असं कधी होत नाही. उलट बायकोने एवढी बाजू घ्यावी ह्याचाच त्याला संशय आला. सुनेने हिलाही गुंडाळलं, असं त्याने ठरवून टाकलं.

पंचमी जवळ आली. नव्या सुना पंचमीला माहेरी जातात, मग सासरहून कुणीतरी त्यांना आणायला जातं, ही रीतच आहे. कोंडाजीने रीतीचा पहिला भाग पाळला. भाऊ आणायला आला, इंद्रायणी सासऱ्याच्या पाया पडली, तेव्हा त्याने तिच्या मानेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी बघितलं. ती गेली. दुसरा भाग त्याने पाळलाच नाही. आणायला कुणी जायचं नाही, असं त्याने घरात बजावलं. सोपानला सांगितलं की दसऱ्यापर्यंत दिवस चांगले नाहीत. सोपान बापापुढे तोंड उघडणारा नव्हता. तो ओव्हरटाइम करायला लागला आणि घरी जेवण्यापुरता उरला.

ती गेल्यावर म्हैस व्याली, रेडी झाली. कोंडाजी म्हणाला, बघा, ती गेली आणि घराला बरकत आली. मग शेजारच्या दत्तोबाकडून उसना आणलेला बैल लंगडायला लागला. तेव्हा तो म्हणाला, तिची सावली अजून गोठ्यात आहे. असा हिशेब एकदा जमला की माणूस कधी तोट्यात जात नाही.

गणपती झाल्यावर रंगराव स्वतः आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, पिकापाण्याचं बोलले, आणि शेवटी मान खाली घालून विचारलं की पोरीकडून काही चुकलं का. पोरीचा बाप विचारतो तसंच विचारलं. कोंडाजीला आडपडदा ठेवता आला असता. पण चार गावांत ज्याच्या शब्दाला वजन असतं त्याला तो शब्द तोंडात ठेवता येत नाही.

"तुमच्या पोरीच्या मानेवर भोवरा हाय," तो म्हणाला. "जुवाखाली, उलटा. बैल असता तर मी बाजारातनंच माघारी धाडला असता."

रंगरावही शेतकरीच. त्यांनीही थेरगावहून येऊन कोंडाजीच्या सल्ल्याने बैल घेतलेला होता. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर ते भांडले असते. हे म्हणणारा कोंडाजी होता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, ह्याला इलाज असतो का? कोंडाजीने खांदे उडवले आणि खरं ते सांगितलं, की बाजारात लोक भोवरा डागून बुजवतात, पण जाणत्याला ते कळतं. रंगरावांनी पटका डोक्यावर ठेवला आणि ते गेले. त्यांच्यामागे शालनबाई दारात उभी राहून नवऱ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर कोंडाजीने चुकवली.

रब्बीची पेरणी तोंडावर आली तसा बैल घेणं भागच पडलं. कोंडाजी शनिवारी पहाटेच मोशीवरून चाकणला गेला. आबाजी नावाच्या दलालाकडे एक जोडी बांधलेली दिसली. वयाने उतरलेली, पण अंगाने अजून भक्कम, आणि दोघे एकमेकांना इतके टेकून उभे की मधून हात जाऊ नये. भाव आबाजीने फार कमी सांगितला, रुमालाखाली बोटं धरून. कमी भाव ऐकून दुसरा कुणी खूश झाला असता. कोंडाजीचा संशय जागा झाला.

त्याने दात बघितले, खूर बघितले. मग उजवीकडच्या बैलाच्या मानेवर हात फिरवला आणि हात तिथेच थांबला. केस उलटे फिरलेले होते. त्याने वर बघितलं. बैलाच्या डाव्या कानाची पाळ फाटलेली होती.

हा बैल त्याला ठाऊक होता. आठ वर्षांमागे दत्तोबा ह्याला घ्यायला निघाला होता, तेव्हा हा कोवळा खोंड होता, कान कुत्र्याने फाडलेला. कोंडाजीने भर बाजारात त्याला जोडी खाणारा ठरवला होता आणि धन्याला तो मातीमोलाने द्यावा लागला होता. पुढे ह्या खोंडाने वर्षात जोडी खाल्ली, ही गोष्ट कोंडाजी आठ वर्षं सांगत आला होता. त्याचा सगळ्यात आवडता दाखला तो. पण ती कुणी सांगितली होती? तो आठवू लागला आणि त्याला कुणाचंच तोंड आठवेना.

ह्याचा आधीचा जोडीदार कधी मेला, त्याने आबाजीला दरडावून विचारलं. आबाजी म्हणाला, मेला कुठला, हा काय शेजारी उभा आहे. दलालाच्या शब्दावर कोंडाजी काय विश्वास ठेवतो! तो हसला आणि म्हणाला, ही थाप दुसऱ्याला मार. तेव्हा मागे लिंबाखाली बसलेला म्हातारा उठून पुढे आला. जोडीचा धनी तोच, लक्ष्मणराव, पिंपरीकडचा. जमीन कारखान्यांकडे गेली होती, पोरं नोकरीला लागली होती, बैलांना काम उरलं नव्हतं. भाव कमी होता तो एका अटीसाठी. दोघांना एकत्र घेणाऱ्यालाच द्यायचे, ताटातूट करायची नाही.

"खोंड घेतला त्याच हप्त्यात दुसराबी घेतला," लक्ष्मणराव म्हणाला. "तवापासनं हेच दोघं. तुमी ह्याला वाईट ठरवल्यालं मला मागनं कळलं. वरीसभर लई भ्यालो मी. मग इसरून गेलो."

"आठ वर्सं बैल जिता हाय," कोंडाजी म्हणाला, "मग मला येऊन सांगितलं का न्हाई?"

लक्ष्मणरावाला प्रश्नच कळला नाही.

"बैल मेला न्हाई, हे सांगाया कोन कुनाच्या घरी जातं, कोंडाजी?"

बाजार भरात होता. चहूकडे बैल, हाकारे, धूळ. कोंडाजी त्या जोडीसमोर उभा राहिला आणि त्याला आपला ओटा दिसायला लागला. त्या ओट्यावर तीस वर्षं फक्त मेलेल्या बैलांचे धनी आले होते. ज्यांचे जगले ते आलेच नाहीत. ते कुठेतरी नांगरत होते, पेरत होते, बैलांना पाणी दाखवत होते, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ते किती असतील, हे त्याला आता कधीच कळणार नव्हतं. लोक पाठीमागून बोलावत होते, कोंडाजी, हा बैल बघा जरा. त्याने कुणाकडे बघितलं नाही.

त्याने जोडी घेतली. घरी न बसता दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला तीच जोडी जुंपली, बायकोला फक्त एवढं म्हणाला की सूनबाईला घेऊन येतो. शालनबाईने फडक्यात खणाचं कापड आणि नारळ बांधून दिला. चिंचवडला नदी ओलांडून थेरगावपर्यंत तो मनात वाक्यं जुळवत होता. आपण चुकलो, हे वाक्य त्याने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते जुळायला वेळ लागत होता. पण तो खूश होता. पोराचं भय गेलं होतं. गाडीच्या खडखडाटात तो चक्क गुणगुणत होता.

रंगरावांच्या दारात गाडी थांबली तशी घरात धावपळ झाली. रंगरावांनी बाहेर येऊन रामराम घातला, पण त्यांचा चेहरा कोंडाजीला वाचता आला नाही. त्यांची बायको छबूबाई दारातच उभी होती. कोंडाजी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने इंद्रायणीला हाताला धरून पुढे आणलं. पोरगी वाळली होती. ती सासऱ्याच्या पाया पडायला वाकली तशी छबूबाईने स्वतःच्या हाताने तिच्या मानेवरचा पदर बाजूला केला.

मानेवर रुपयाएवढा डाग होता. वरची खपली गेलेली, खालची नवी कातडी गुलाबी, चकचकीत. तिथे एकही केस नव्हता.

"आता काई न्हाई ऱ्हायलं, इवाई," छबूबाई म्हणाली. तिचा आवाज बाजारात बैल उभा केलेल्या माणसासारखा होता, आर्जवी आणि घाबरलेला. "सांडशी लाल करून लावली. पार बुजलाय. तुमी जानतं, हात लावून बघा."

ज्या हाताने हजार बैलांच्या माना चाचपल्या होत्या, तो हात कोंडाजीला उचलता येईना. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. रंगराव जमिनीकडे बघत होते. छबूबाई अजून वाट बघत होती, हा हात लावेल आणि पसंत म्हणेल म्हणून.

कुणी आत बसा म्हणायच्या आत कोंडाजी इंद्रायणीला म्हणाला, "पोरी, जरा भाईर ये." ती त्याच्यामागून गाडीपाशी आली. त्याने उजवीकडच्या बैलाच्या मानेवरचं जू जरा वर उचललं आणि तिला तिथे हात ठेवायला सांगितलं. तिने ठेवला. बोटांना उलटे फिरलेले केस लागले तशी ती दचकली आणि हात मागे घेतला.

"ह्यो त्याचा जोडीदार," कोंडाजी शेजारच्या बैलाकडे बोट दाखवून म्हणाला. "आठ वर्सं संगं हाय. काई झालं न्हाई. भोवऱ्यात काई नसतं, पोरी. मी चुकलो."

निघालं एकदाचं वाक्य. ती बैलाकडे बघत होती. दुसऱ्या बैलाने मान वळवून पहिल्याच्या कानाला जीभ लावली. तिने पुन्हा हात पुढे करून तो भोवरा चाचपला, ह्या खेपेला सावकाश.

"ह्याला कुनी डागलं न्हाई?"

"न्हाई."

"मग मला का डागलं, मामंजी?"

कोंडाजीला उत्तर ठाऊक होतं. फिरवून सांगायला जागाच नव्हती.

"माझ्यामुळं," तो म्हणाला.

इंद्रायणीने मान हलवली. ती रडली नाही. पदर तिने मानेवर ओढून घेतला, कापड डागाला लागलं तसं तिच्या तोंडावर कळ उमटली.

"आईनं सांडशी धरली तवा बाबांनी माझं हात धरलं व्हतं," ती म्हणाली. "त्या दोघांस्नी वाटतंय, पोरीचा संसार वाचवला. तुमी आत जाऊन त्यांना सांगा, भोवऱ्यात काई नसतं म्हनून. त्यांना सांगितलंत, की मग मी येते."

तिने कासरा त्याच्या हातातून घेतला आणि बैलांपाशी उभी राहिली. कोंडाजीने डोक्यावरचं पागोटं नीट केलं आणि तो दाराकडे वळला. आत छबूबाई पाव्हण्यासाठी गूळपाणी काढत होती.